गोगलगायींबाबत सत्तेचाळीस सूचना

आमच्या विज्ञान परिषदेकडे लेख आला की तो तीन तज्ज्ञांकडे तपासायला जातो आणि सोबत हा छापील फॉर्म जातो. लेख कोणाचा हे तज्ज्ञाला कळू द्यायचं नाही, तज्ज्ञ कोण हे लेखकाला कळू द्यायचं नाही. दोन्ही फक्त मला कळतं, कारण पाकिटं मी चिकटवतो. अकरा वर्षं हा फॉर्म मी दुसऱ्यांना पाठवत आलो. आज पहिल्यांदा स्वतः भरतोय.

१. लेखाचा विषय थोडक्यात लिहा.

इयत्ता आठवी, विज्ञान, प्रकरण नववे: उत्क्रांती. आठ पानं. लिहिणारी एक शाळाशिक्षिका.

हे प्रकरण पुस्तकात येणार असं कळताच काही पालकांनी, आणि ज्यांना मुलंच नाहीत अशा त्याहून जास्त लोकांनी, पाठ्यपुस्तक मंडळासमोर आरडाओरडा केला. हे शास्त्र नाही, नुसतं कोणाचं तरी मत आहे, काढून टाका. मंडळाचा अधिकारी बिचारा सरळ माणूस. त्याला प्रकरण काढायचं नव्हतं आणि शिव्याही खायच्या नव्हत्या. त्याने परिषदेला पत्र लिहिलं. इतकं साधं पत्र आमच्याकडे त्याआधी आलं नव्हतं. सोबतचे प्रकरण शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे काय? हो किंवा नाही. सही आणि शिक्क्यासह उत्तर महिनाअखेरपर्यंत मिळावे, अन्यथा त्या जागी 'आपले पाळीव प्राणी' हे प्रकरण घेण्यात येईल.

महिनाअखेरीला सव्वीस दिवस होते. 'हो' लिहायला किती वेळ लागतो, मी घड्याळ लावून पाहिलं आहे. दोन सेकंद, तेही अक्षर वळणदार काढायचं असेल तर.

२. लेखकाशी तुमचा काही संबंध असल्यास नमूद करा.

सख्खी मोठी बहीण.

हे मी परिषदेत सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही. टपालपेटीला कोण विचारतं तुझं माहेर कुठलं म्हणून? तिथे सगळे मला 'टपाल' म्हणतात. टपाल, ते पाकीट गेलं का? टपाल, खिडकी लाव.

ताई एकोणीस वर्षं आठवीला शिकवते. उत्क्रांती पुस्तकात नव्हतीच, ती स्वतःच्या हातच्या टिपणांवरून शिकवायची, आणि दरवर्षी कोणी ना कोणी मुख्याध्यापकांकडे तक्रार न्यायचं की बाई पुस्तकाबाहेरचं शिकवतात. प्रकरण छापून आलं की तिला एवढंच करायचं होतं: तक्रार करणाऱ्यासमोर पुस्तक उघडून धरायचं आणि पानावर बोट ठेवायचं.

३. काम नवे आहे का?

नवं म्हणजे काय ते ठरवा. शाळेच्या मागे एका बाजूला काळ्या दगडांचा ढीग आहे आणि दुसऱ्या बाजूला वाळल्या, पिवळ्या गवताची पट्टी. दोन्हीकडे गोगलगायी. पक्षी त्या उचलतात, तिथल्याच एखाद्या दगडावर आपटतात, आतलं खातात आणि फुटका शंख टाकून जातात. ताईच्या पोरांनी चार वर्षं हे फुटके शंख वेचले आणि मोजले. काळ्या दगडांकडे दोनशे बारा सापडले. त्यातले एकशे एकाहत्तर फिके. जिवंत फिरणाऱ्या मात्र बहुतेक गडद. गवताकडे नेमकं उलटं. ताईचं प्रकरण यावर उभं होतं. कुठल्या दूरच्या बेटाची गोष्ट नाही, हत्तीचे पूर्वज नाहीत. खिडकीतून दिसतं ते.

टंकलेखन मी केलं. मंडळाची अट आठ पानांची होती आणि ताईचा मजकूर आठ पानं आणि तीन ओळी होत होता. तिने लिहिलं होतं: 'गोगलगायी जन्मतःच काही फिक्या असतात, काही गडद. काळ्या दगडावर फिकी लगेच दिसते. दिसली की खाल्ली जाते. उरते ती गडद, आणि पुढची पिल्लं तिची.' मी या चार वाक्यांचं एक केलं: 'पक्ष्यांपासून लपण्यासाठी दगडांवरच्या गोगलगायींनी हळूहळू आपला रंग गडद केला.' तीन ओळी वाचल्या. वाक्य कसं घरंगळत जातं बघा. मला त्याचा अभिमान होता. ताई तेव्हा सहामाहीचे पेपर तपासत होती, तिने पानं चाळली, तिला जे माहीत होतं तेच तिला तिथे दिसलं, आणि ती म्हणाली, ठीक आहे, पाठव.

४. पद्धत योग्य आहे का?

पद्धत अशी. पत्र आल्यावर सहाव्या दिवशी बैठक भरली. परिषदेची खोली पहिल्या मजल्यावर, टेबलावर काच, काचेखाली जुन्या सभासदांचे फोटो, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कुठल्या ना कुठल्या बैठकीतल्या चहाच्या कपाचं वर्तुळ.

तिघे होते. अध्यक्ष, ज्यांना पाठीमागे सगळे 'स्वल्पविराम' म्हणतात, कारण त्यांनी कधी कोणाला पूर्णविराम देऊ दिला नाही. दगडातली हाडं वाचणाऱ्या जीवाश्मबाई. आणि आकडेशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना मी 'सोमवार' म्हणतो, का ते कळेलच.

पत्र मी वाचून दाखवलं. मग अडीच तास जे झालं त्याला चर्चा म्हणतात. जीवाश्मबाई म्हणाल्या, हे संशोधन नाही, शाळेचा धडा आहे, याला तज्ज्ञ-परीक्षण कशाला, हो लिहा आणि मोकळे व्हा. अध्यक्षांचं म्हणणं पडलं की न तपासता हो लिहिलं तर जनतेचा विज्ञानावरचा विश्वास उडेल. सोमवार म्हणाले, विश्वास मुळात किती आहे हे मोजल्याशिवाय तो उडाला असं म्हणता येणार नाही. तिथून गाडी जी घसरली ती तज्ज्ञ-परीक्षण मुळात उपयोगी असतं का यावर गेली. जीवाश्मबाईंनी त्यांची जुनी जखम उघडली. त्यांचा आयुष्यातला सर्वांत चांगला लेख कुठल्या तरी निनावी मूर्खाने नाकारला होता. अध्यक्षांनी सहानुभूतीने मान हलवली आणि म्हणाले, असे लोक असतात खरे.

तो मूर्ख कोण हे त्या खोलीत दोघांना माहीत होतं. एक मी. दुसरे मान हलवत होते.

शेवटी ठरलं, नेहमीच्या पद्धतीने तीन निनावी तज्ज्ञांकडे पाठवावं. आता उत्क्रांती कळणारी आणि परिषदेची वर्गणी भरणारी माणसं आमच्याकडे तीनच. मी तिथेच, टेबलावरून, तिघांच्या हातात तीन पाकिटं दिली. तिघांनी ती एकमेकांसमोर पिशवीत टाकली आणि गुप्तता पाळण्यासाठी खिडकीबाहेर पाहिलं.

५. निष्कर्ष पुराव्यावर आधारलेले आहेत का?

जीवाश्मबाईंचं परीक्षण आठ दिवसांनी आलं. अर्धं पान. प्रकरण चांगलं आहे, मात्र गोगलगायींऐवजी जीवाश्म घ्यावेत, आणि आठवीच्या मुलांनी पुढील पाच शोधनिबंध पाहावेत. पाचही त्यांचेच.

सोमवारांना फोन केला. म्हणाले, सोमवारी देतो. कुठला ते म्हणाले नाहीत.

अध्यक्षांचं परीक्षण नऊ पानं होतं. सत्तेचाळीस सूचना, क्रमांकासह. सूचना १: शीर्षकातील 'उत्क्रांती' हा शब्द आठ पानांच्या मानाने मोठा आहे. सूचना ४: 'चार वर्षे' म्हणजे शैक्षणिक वर्षे की दिनदर्शिकेची? सूचना ७: चित्रातील बाण जाड करावा. सूचना ११: बाण जाड केल्यास शंख झाकला जाईल, तरी विचार व्हावा. मी चौदाव्या सूचनेपर्यंत पोचलो आणि पानं ड्रॉवरमध्ये टाकली.

मागे एकदा मी त्यांना विचारलं होतं, साहेब, एखाद्या लेखावर नुसतं 'बरोबर आहे' असं का नाही लिहीत कोणी? ते दयेने माझ्याकडे पाहत म्हणाले, "टपाल, तसं लिहिलं तर वाटेल आपण वाचलंच नाही."

नियमाप्रमाणे परीक्षणं लेखकाला दाखवायची असतात. मी ताईला दाखवली नाहीत. बाणाच्या जाडीवरून तिचं डोकं कशाला उठवायचं? तिचा रोज फोन यायचा, काय म्हणाले? मी सांगायचो, होतंय.

मुदतीला चार दिवस उरले असताना परिषदेने जाहीर चर्चा ठेवली. विषय: विज्ञानावरचा लोकांचा विश्वास का उडतो आहे? सभागृहात खुर्च्या दोनशे, लोक सोळा. त्यातले तेरा शास्त्रज्ञ. उरलेले तीन म्हणजे मी, शेवटच्या रांगेत मंडळाचा अधिकारी, आणि शाळा सुटल्यावर तडक आलेली ताई. लोकांना अनिश्चितता पचत नाही, असं व्यासपीठावरून तिघांनी तीन प्रकारे सांगितलं. मग अध्यक्षांनी लोकांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली. लोक म्हणजे ताई.

ती उभी राहिली. कोण आहे ते तिने सांगितलं नाही, शिक्षिका आहे एवढंच.

"आठवीच्या पुस्तकातलं उत्क्रांतीचं प्रकरण तुमच्याकडे आलंय असं ऐकलं. मी उद्या मुलांना काय सांगू? बरोबर आहे का ते?"

अध्यक्ष हसले. "बरोबर म्हणजे काय, हे आधी ठरवायला हवं, बाई."

"तुम्ही ठरवा ना. माझा तास पस्तीस मिनिटांचा असतो."

जीवाश्मबाई म्हणाल्या, व्यक्तिशः विचाराल तर हो, पण संस्थेच्या वतीने त्यांना बोलता येत नाही. सोमवार म्हणाले, किती टक्के बरोबर, असा प्रश्न जास्त योग्य ठरेल. अध्यक्षांनी समारोप केला की अशा चर्चा वारंवार व्हायला हव्यात. तेरा शास्त्रज्ञांनी टाळ्या वाजवल्या.

दारात अधिकाऱ्याने मला गाठलं. "अहो, हो की नाही एवढंच हवंय. मी काय किडनी मागतोय का तुमच्याकडे?"

७. संपादकांसाठी गोपनीय शेरा. (हा लेखकाला दाखवला जाणार नाही.)

आधी एक. या फॉर्मवर सहावा प्रश्न नाही. पाचानंतर सात येतो. अकरा वर्षांपूर्वी छापखान्याने गाळला, आणि तेव्हापासून शेकडो शास्त्रज्ञांनी हा फॉर्म बारकाईने भरून दिला आहे. एकाच्याही लक्षात आलेलं नाही. अशा लोकांच्या हातात ताईची आठ पानं होती हे लक्षात घेऊन पुढचं वाचावं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी अध्यक्ष परगावी होते. तिथे विज्ञान आणि जनविश्वास या विषयावर त्यांचं बीजभाषण होतं. परिषदेचा शिक्का माझ्या ड्रॉवरमध्ये असतो, डिंक आणि सुतळीच्या शेजारी. मी कागद घेतला आणि टाइप केलं: हो. सोबतचे प्रकरण शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे. परीक्षण गोपनीय असल्याने तज्ज्ञांची नावे देता येत नाहीत. खाली एक वेडीवाकडी रेघ ओढली, जी कुठल्याही मोठ्या माणसाची सही वाटावी. शिक्का मारला आणि दुपारच्या जेवणाआधी स्वतः मंडळात नेऊन दिला. अधिकाऱ्याने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

पुढच्या बैठकीत मंडळाचं आभाराचं पत्र मी वाचून दाखवलं. परिषदेने वेळेत आणि निःसंदिग्ध शब्दांत मत कळवल्याबद्दल. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी लिहिलं हे विचारणं म्हणजे गोपनीयतेचा भंग, त्यामुळे कोणी विचारलं नाही. उलट प्रत्येकाने जरा लाजल्यासारखं केलं, हे आपलंच काम, पण बोलायचं नाही. वार्षिक अहवालात त्याचा उल्लेख 'तज्ज्ञ-परीक्षणाचे यश' असा झाला. तो अहवालही मीच टाइप केला.

पुस्तक जूनमध्ये आलं. ताईने पहिली प्रत माझ्याकडे पाठवली, आत लिहिलेलं, 'टपालास'. महिनाभर मी छाती काढून फिरत होतो. तीन डॉक्टरेटवाल्यांना जमलं नाही ते एका शिक्क्याने केलं.

जुलैच्या एका दुपारी ताई शाळेतून थेट माझ्या घरी आली. बाहीला खडू, हातात पुस्तक, पान उघडलेलं. आल्या आल्या बसलीही नाही. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीने मोठ्याने धडा वाचला होता आणि वाचून झाल्यावर विचारलं होतं, बाई, गोगलगायींना हवा तो रंग करता येतो, तर मग फिक्या मरतातच कशाला? ताई म्हणणार होती, असं पुस्तकात कुठे लिहिलंय? आणि तिने पानाकडे पाहिलं.

"हे वाक्य माझं नाही."

मी म्हणालो, माझं आहे.

"या एका वाक्याने सगळ्या धड्याचं वाटोळं झालंय, कळतंय का तुला? गोगलगायी काही करत नाहीत. त्या फक्त खाल्ल्या जातात नाहीतर उरतात. एवढंच तर शिकवायचं होतं." तिने पानावर बोट ठेवलं. "आणि तुझ्या तज्ज्ञांपैकी एकालाही हे दिसलं नाही?"

मी नऊ पानं काढून दिली. अशी हजामत करत बसतात, तूच बघ, असं काहीसं मी म्हणालो. ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि लाल पेन उघडून पहिल्यापासून वाचू लागली. मला वाटलं हसेल. तिने पाचव्या सूचनेपुढे बरोबरची खूण केली. मग नवव्या. मग एकविसाव्या. सातव्या पानावर पेन थांबलं. तिने ते पान माझ्याकडे फिरवलं.

'सूचना ३७: तक्ता दोनमधील चौकटीच्या रेघा एकसारख्या नाहीत.

सूचना ३८: पान ६, ओळ ११. चूक. गोगलगायींनी रंग बदललेला नाही. फिक्या खाल्ल्या गेल्या, गडद उरल्या, पुढची पिल्ले त्यांची झाली. हे वाक्य राहणार असेल तर प्रकरण नसलेले बरे.

सूचना ३९: सूचना ७ मधील बाणाबाबत पुन्हा.'

"हे पहिलं का नाही लिहिलं याने?" ताईने विचारलं.

"पानांच्या क्रमाने लिहितात."

"घराला आग लागली तरी आधी पायपुसणं झटकतील." मग माझ्याकडे वळली. "आणि तू. तू हे मला का नाही दाखवलंस?"

बाणाच्या जाडीवरून तुझं डोकं कशाला उठवायचं, असं मी म्हणालो, आणि ते तोंडातून निघेपर्यंतच शिळं झालं. मग तिने विचारलं की तज्ज्ञांनी चूक दाखवली होती, तर मग बरोबर आहे असं कळवलं कोणी. मी तेही सांगितलं.

तिने पेनाला टोपण लावलं. "एकोणीस वर्षं मी पोरांना सांगतेय, कोणी मोठा माणूस म्हणाला म्हणून मानू नका, तपासा. आणि माझाच धडा माझ्या भावाने शिक्का मारून पास केला. तुझ्यात आणि त्या ओरडणाऱ्यांत फरक काय रे? त्यांनी निदान वाचलं नाही हे लपवलं तरी नाही."

जाताना दारात म्हणाली, शिक्का उद्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवायचा, आणि पुन्हा त्याला हात लावलास तर मला ताई म्हणायचं नाही.

शिक्का ठेवला. अध्यक्षांनी तो पेपरवेट म्हणून वापरायला घेतला.

८. शिफारस. (एकाच चौकटीत खूण करा.)

ताईने मंडळाला स्वतःच्या सहीने पत्र पाठवलं: पान सहा, ओळ अकरा चूक आहे, दुरुस्ती सोबत. दुरुस्ती म्हणून तिने अडतिसाव्या सूचनेतली मधली दोन वाक्यं शब्दशः उतरवली होती, कारण त्यांच्यात बदलण्यासारखं काही नाही असं तिचं मत पडलं. मंडळाच्या अधिकाऱ्याने, आता परिषदेवर गाढ विश्वास बसल्यामुळे, ते आमच्याकडे पाठवलं. सोबतची दुरुस्ती शास्त्रीयदृष्ट्या बरोबर आहे काय? हो किंवा नाही. नव्या आवृत्तीची छपाई सहामाही सुटीत होईल.

मी ते नेहमीच्या पद्धतीने पाठवलं. जीवाश्मबाईंनी चार दिवसांत 'हो' लिहून दिलं आणि एका निबंधाचं नाव सुचवलं. अध्यक्षांचं परीक्षण आठवड्याने आलं. एकच पान होतं.

'दुरुस्तीतील वाक्ये अनावश्यक ठाम आहेत. "रंग बदललेला नाही" हे लेखकाने कशावरून ठरवले? "बहुधा" घालावे. मूळ छापील वाक्य अधिक सुबोध वाटते. सध्याच्या स्वरूपात शिफारस करता येत नाही.'

मी ते पान आणि जुन्या नऊ पानांतलं सातवं पान, दोन्ही घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. अडतिसाव्या सूचनेखाली ताईची लाल रेघ होती. म्हणालो, साहेब, या एकाच ओळीबद्दल दोन तज्ज्ञांचं मत अगदी उलट आहे.

त्यांनी चष्मा चढवला. आधी एक वाचलं, मग दुसरं. जुन्या पानावर जरा जास्त रेंगाळले. मला वाटलं, आता ओळखतील.

"हा माणूस फार उद्धट लिहितो," ते म्हणाले. "'प्रकरण नसलेले बरे' ही काय भाषा झाली? पण मतभेद आहे हे खरं. मतभेद असला की काय करायचं, टपाल? अकरा वर्षं झाली ना तुला?"

मी म्हणालो, तिसऱ्याकडे पाठवायचं.

"मग पाठव की."

दोन्ही पानांवर त्यांनी शिक्का ठेवला, वाऱ्याने उडू नयेत म्हणून.

ताईच्या वर्गात सध्या नववं प्रकरण आलं की सगळे सहावं पान उघडतात, अकराव्या ओळीवर पट्टी ठेवून पेन्सिलीने रेघ मारतात आणि समासात नीट अक्षरात ताईची मूळ चार वाक्यं लिहितात. बेचाळीस मुलं. बाकीच्या शाळांतली पाठ करतात.

मी सोमवारांना फोन केला. सोमवारी देतो म्हणाले.